कित्तूरचा कागद आणि कालप्रवासाचा डाव

कालप्रवासाचा खेळ रचायला बसलेला माणूस बहुधा यंत्रापासून सुरुवात करतो. यंत्र किती वर्षे मागे नेते, एका फेरीला काय मोजावे लागते, भूतकाळात स्वतःचीच गाठ पडली तर काय, आजोबांचे लग्नच मोडले तर नातू कुठून येणार, अशा प्रश्नांची उत्तरे लिहिता लिहिता वही भरते. मग खेळ सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत एखादा खेळाडू सहज म्हणतो, ‘मी त्या कारभाऱ्याला आदल्या रात्रीच गाठतो आणि उद्या काय होणार ते सांगून टाकतो.’ यंत्राच्या नियमांत याचे उत्तर नसते. तो कारभारी कोण, कोणाला भितो, त्याच्या शब्दाला दरबारात किती वजन, त्या रात्री तो होता कुठे, हे ठाऊक असेल तरच उत्तर देता येते. म्हणून या लेखाचे म्हणणे असे, की कालप्रवासाच्या खेळाची खरी आखणी म्हणजे पुराव्याची आखणी. भूतकाळातले काय पक्के आहे, काय सांगोवांगी आहे आणि कशाबद्दल कागद गप्प आहेत, याची वाटणी आधी करावी. यंत्राचे नंतर पाहता येते. हे नुसते बोलून पटणार नाही, म्हणून एक गाव आणि एक साल समोर ठेवू: बेळगावजवळचे काकती आणि 1824.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. खेळणारे याला नुसते ‘आरपीजी’ म्हणतात. पूर्ण नाव टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. त्याला ना पडदा लागतो ना कॉम्प्युटर. चार-पाच माणसे, कागद-पेन्सिल आणि फासे एवढ्यावर भागते. त्यातला एक जण गेम मास्टर. तो प्रसंग उभा करतो आणि वाटेत भेटणाऱ्या पाटलापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या वतीने बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. त्या पात्राला काय येते, काय येत नाही, हे एका कागदावर मांडलेले असते. खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतो. गोष्ट होईल की न होईल अशी शंका असेल तिथे फासे पडतात. एक बैठक तीन-चार तास चालते आणि अशा अनेक बैठकींतून पुढे सरकणाऱ्या सलग कथेला कॅम्पेन, म्हणजे मोहीम, म्हणतात. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. कथा मात्र कोणाच्याच आधी ठरवल्याप्रमाणे जात नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापले आणि हा प्रकार जगभर पसरला. कालप्रवासावरचे खेळही लवकरच आले: 1984 चा ‘टाइममास्टर’, 1991 चे ‘गर्प्स टाइम ट्रॅव्हल’, 1999 चा ‘कंटिन्यूअम’, 2009 मध्ये ‘डॉक्टर हू’ मालिकेवरचा. यंत्र आणि विरोधाभास यांचे नियम या पुस्तकांत भरपूर सापडतात. काकतीचा देसाई कोणाला भीत होता, हे त्यांत सापडणार नाही.

या खेळाची वंशावळ पाहिली तरी हाच मुद्दा पुढे येतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे पूर्वज म्हणजे सैनिकी युद्धखेळ. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा, प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा ‘क्रीगश्पील’, 1824 सालीच बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाला. नकाशावर लाल आणि निळे ठोकळे मांडायचे, प्रत्येक डाव म्हणजे लढाईतली दोन मिनिटे समजायची, गोळीबाराचा परिणाम फाशांवर आणि कोष्टकांवर काढायचा आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच बसवायचा. कोणाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तो पंचच ठरवी. आजचा गेम मास्टर हा त्याचाच वंशज. पुढे कोष्टके इतकी वाढली, की एक चकमक सोडवायलाच फार वेळ जाऊ लागला. तेव्हा 1876 मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ या प्रशियन सेनानीने कोष्टके बाजूला सारून निवाडा अनुभवी पंचाच्या हाती सोपवावा असे सुचवले. लढाई कशाने जिंकली जाते हे ज्याला कळते त्याला जाड नियमपुस्तक लागत नाही, हा त्या सुधारणेतला विचार. कालप्रवासाच्या मोहिमेत तो दुपटीने खरा ठरतो, कारण इथे खेळाडू तोफखान्याबरोबर वारसाहक्क, कर्ज, भाषा आणि अफवा यांच्याशीही झुंजत असतात. कारणांची साखळी माहीत असलेल्या पंचाला ऐनवेळी आलेल्या प्रश्नाची धास्ती वाटत नाही.

मराठी वाचकाला कालप्रवास म्हटले की जयंत नारळीकर आठवतात आणि त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा एका जगात जाऊन पडतात, की जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. कथा म्हणून ही कल्पना फार देखणी आहे, कारण लेखकाला त्या दुसऱ्या जगातले एकदोन दिवसच दाखवायचे असतात. खेळात मात्र पानिपत निवडले की गेम मास्टर अडचणीत येतो. खेळाडूंनी ती एक गोळी चुकवली, तर पुढच्या अडीचशे वर्षांचा हिंदुस्थान त्याला रचावा लागेल. शिवाय 14 जानेवारी 1761 चा निकाल एका गोळीवर लागलेला नव्हता. रसद तुटलेली, उपासमार, फितलेले आणि दूर राहिलेले मित्र अशी कारणे महिनोन्‌महिने साचत आलेली होती. एवढा मोठा पट चार जणांच्या हाताने हलवायचा म्हटले, की एक तर खेळाडू देव होऊन बसतात, नाहीतर गेम मास्टर त्यांना पदोपदी अडवतो. दोन्हींत मजा नाही. म्हणून निवड करायची तर लहान जागेची, थोड्या दिवसांची आणि जिच्याबद्दल दोन्ही बाजूंचे काही ना काही लिहिलेले उरले आहे अशा घटनेची करावी. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर, बेळगाव शहराला उत्तरेकडून लागूनच असलेल्या काकतीतून अशीच एक घटना सुरू होते.

राणी चन्नम्मांचे माहेर काकतीचे. तिथल्या देसाई घराण्यात त्यांचा जन्म झाला. साल 1778 मानतात. कित्तूरचे देसाई मल्लसर्ज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कित्तूर बेळगावहून धारवाडकडे जाताना वाटेत लागते, साधारण पन्नास किलोमीटरवर. मल्लसर्ज 1816 मध्ये वारले आणि थोरल्या राणीचे पुत्र शिवलिंगरुद्रसर्ज गादीवर आले. तेही सप्टेंबर 1824 मध्ये निपुत्रिक वारले. त्यांनी शिवलिंगप्पा नावाचा मुलगा दत्तक घेतला आहे, असे पत्र धारवाडचा कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट सेंट जॉन थॅकरे याच्याकडे गेले. ते हाती पडले तेव्हा देसाई हयात नव्हते. पत्र त्यांनी जिवंतपणी लिहिले की मागाहून कोणी रचले, असा संशय थॅकरेने घेतला, दत्तक नामंजूर धरून खजिन्याला मोहरा ठोकल्या आणि पहारे बसवले. 23 ऑक्टोबर 1824 रोजी त्याला किल्ल्याचे दरवाजे बंद आढळले. त्याने ते तोफांनी फोडण्याची तयारी केली, तेवढ्यात आतून फौज बाहेर पडली. थॅकरे मारला गेला. त्याच्याबरोबर ब्लॅक, सेवेल आणि डायटन हे लष्करी अधिकारीही. स्टीव्हनसन आणि वॉल्टर इलियट हे त्याचे दोन मदतनीस कित्तूरकरांच्या कैदेत पडले. मग दख्खनचा कमिशनर चॅप्लिन मोठ्या फौजेनिशी आला, वाटाघाटी झाल्या, कैदी सुटले, तरीही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा लढाई झाली आणि 5 डिसेंबरला किल्ला पडला. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवले. 1829 मध्ये तिथेच तिचा अंत झाला. संगोळ्ळी रायण्णाने त्यानंतर उठाव पुन्हा पेटवला. त्याला 1831 मध्ये नंदगड येथे फाशी दिले.

पहिल्या लढाईपासून शेवटच्या पडझडीपर्यंत सुमारे सहा आठवडे. कालप्रवासाच्या मोहिमेला यापेक्षा सोयीचा अवकाश शोधून सापडणार नाही. आता कागदाचे तीन रकाने करावेत. पहिल्यात ज्याला समकालीन नोंदीचा आधार आहे ते सगळे: थॅकरेचा मृत्यू, कैद्यांची सुटका, किल्ला पडल्याची तारीख, राणीची बैलहोंगलची कैद. दुसऱ्यात लोकांच्या तोंडी टिकलेले. अमटूर बाळप्पाच्या गोळीने थॅकरे पडला, असे या भागात सांगतात. शेवटच्या लढाईत फितुरांनी दारूगोळ्यात शेण-माती मिसळली, असेही सांगतात, आणि त्यापायी दोन कारभाऱ्यांची नावे दोनशे वर्षे शिव्या खात आली आहेत. तिसऱ्या रकान्यात प्रश्न लिहायचे. दत्तकपत्र नेमके कधी लिहिले गेले? दारूच्या कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला होती? कैद्यांना सोडावे की ओलीस ठेवावे, यावर वाड्यात कोण काय बोलले? काकतीच्या माहेरच्या माणसांनी त्या सहा आठवड्यांत काय केले? खेळ रंगतो तो या तिसऱ्या रकान्यात. पहिला रकाना म्हणजे त्याच्या भिंती आणि दुसरा म्हणजे खेळाडूंना खुणावणारी वाट.

यावरून मोहिमेचा एकच पायाभूत नियम काढता येतो. आजवर टिकलेला कोणताही कागद नाहीसा होता कामा नये. बाकी सगळे मोकळे. थॅकरे त्या दिवशी पडला हे कागदावर आहे, म्हणून तो पडणारच. पण कोणाच्या हातून, कुठल्या बुरुजावरून, कोणत्या क्षणी, हे खेळाडूंच्या हालचालींवर ठरू शकते. यात एक बारीक पण फार कामाची गोम आहे. कागद टिकला पाहिजे. त्यातला मजकूर खरा असलाच पाहिजे असे नाही. थॅकरेचा कित्तूरच्या पत्रावरचा संशय याच जातीचा होता. मग मोहिमेचा पहिला टप्पा आपोआप सुचतो: खेळाडू सप्टेंबरच्या सुरुवातीला कित्तूरच्या वाड्यात पोहोचतात आणि ते पत्र लिहिले जात असताना कोण हजर होते याचा छडा लावतात. पत्र खरे निघाले तर थॅकरेचा अन्याय ठसतो. मागाहून लिहिलेले निघाले, तर आपला वारस वाचवायला धडपडणारे दरबारी समोर उभे राहतात आणि खेळाडूंना विचार करावा लागतो, की मालकाच्या मृत्यूने गोंधळलेल्या घरात याहून वेगळे काय घडले असते. दोन्ही उत्तरांत इतिहास शाबूत राहतो आणि दोन्हींत खेळणाऱ्याची समज वाढते. ‘कंटिन्यूअम’ या खेळातही स्वतःच्या आयुष्यातली विसंगती वाढू न देणे हाच कालप्रवाशाचा धर्म मानला आहे. इथे तोच विचार व्यक्तीवरून दप्तरावर आणला, एवढेच.

तारीख हाती असली, की तिच्यातून किती काढता येते याचा एक नमुना पाहू. पंचांग मागे मोजत नेले, तर 23 ऑक्टोबर 1824 हा दिवस अश्विन अमावास्येला लागून येतो. शके 1746, तारण संवत्सर. म्हणजे थॅकरे कित्तूरच्या दाराशी उभा होता ते दिवस ऐन दिवाळीचे आणि आदली रात्र बिनचंद्राची. ही एक माहिती गेम मास्टरच्या हातात किती गोष्टी देते! त्या रात्री तटावरून उतरणाऱ्याला अंधाराचा फायदा आहे. पेठेत पणत्या असतील, म्हणून दिवा हातात घेऊन फिरणाऱ्याचा संशय येणार नाही. पण नुकताच मालक गमावलेल्या वाड्यात सण कसा पाळला जातो, हे पात्राला समजून वागावे लागेल. दिवा विझला तर चकमक झाडावी लागेल, कारण घासून पेटणारी आगकाडी इंग्लंडात जॉन वॉकरने बनवली ती 1826 मध्ये. उलट डिसेंबरची लढाई मार्गशीर्ष पौर्णिमेच्या तोंडावर येते. त्या रात्री माळावरचा माणूस दुरून दिसतो आणि ऑक्टोबरात जमलेली युक्ती डिसेंबरात अंगाशी येते. खेळाडूंना कोणी नियम सांगायची गरज नाही. चंद्रच नियम सांगतो. बातमीच्या वेगाचेही तसेच. हिंदुस्थानात तारायंत्राची पहिली लाइन 1851 ची, कलकत्त्याकडची. थॅकरे पडल्याची खबर पुण्याला पोहोचायची तर डाकेच्या माणसांच्या पायांवर आणि घोड्यांवर. फौज जमवून आणायला वेळ लागला याचे एक कारण यात आहे. हरकारा अडवला, पत्र बदलले, अफवा त्याच्या पुढे धाडली, तर शेवट न बदलताही मधल्या दिवसांत बरेच काही हलवता येते.

तारखेचे भान नसले, की लबाडी नकळत शिरते. कित्तूरचे राज्य डलहौसीच्या खालसा धोरणाने गेले, असे भाषणांतून सर्रास ऐकू येते. डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून आला 1848 मध्ये. सातारा त्याने खालसा केला तो त्याच साली. कित्तूर त्याच्या चोवीस वर्षे आधीचे. 1824 मध्ये असे पक्के धोरण ठरलेले नव्हते. होता तो एका कलेक्टरचा संशय, ईस्ट इंडिया कंपनीची भूक आणि मांडलिकांच्या दत्तकाला सरकारची मंजुरी हवी असा हट्ट. खेळाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. धोरण असते तर खेळाडूंना करण्यासारखे काही उरले नसते. निर्णय एका माणसाच्या अंदाजावर उभा होता, म्हणूनच त्या माणसाच्या भोवतालच्यांशी बोलायला, त्याच्या कारकुनाला गाठायला, त्याच्यासमोर एखादा साक्षीदार उभा करायला जागा आहे. कारणे नीट कळली, की इतिहासात शिरायच्या फटी दिसू लागतात.

मोहीम लांबवायची तर काळ बदलावा, जागा मात्र तीच ठेवावी. काकतीतच मुक्काम ठोकून तीन-चार काळांत ये-जा केली, तर एका काळात केलेल्या गोष्टीचा माग दुसऱ्यात दिसतो. एप्रिल 1818 मध्ये टॉमस मन्रोने पेशव्यांकडून बेळगावचा किल्ला घेतला, तेव्हा कित्तूरच्या देसायांनी कंपनीला साह्य केले होते. सहाच वर्षांनी त्याच कंपनीच्या तोफा त्यांच्या दारात आल्या. त्याला बरोबर शंभर वर्षे झाल्यावर, डिसेंबर 1924 मध्ये, बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष झाले असे ते एकमेव अधिवेशन आणि गंगाधरराव देशपांडे त्याचे सूत्रधार. अधिवेशनासाठी खणलेली विहीर अजून तिथे आहे. या दोन टोकांना जोडणारा माणूसही इतिहासाने तयार ठेवला आहे. कित्तूरच्या कैदेत सहा आठवडे काढलेला वॉल्टर इलियट त्या वेळी अवघा एकवीस वर्षांचा होता. याच इलियटने पुढे कर्नाटकातले शेकडो शिलालेख उतरवून घेतले आणि दक्षिणेतल्या नाण्यांवर ग्रंथ लिहिला. कैदेतल्या त्या दिवसांत त्याला जुन्या दगडांची गोडी कोणी लावली? कागद गप्प आहेत. एखाद्या खेळाडूच्या पात्राने अंगणातल्या वीरगळाकडे बोट दाखवले असेल, तर कोणता कागद नाही म्हणेल? आणि त्या दगडामागे ठेवलेली वस्तू 1924 मध्ये विहिरीपाशी जमलेल्या स्वयंसेवकांच्या हाती लागली, तर मोहिमेचा पुढचा टप्पा तिथून सुरू होतो.

या मांडणीवर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे: शेवट बदलता येत नसेल तर खेळायचे कशाला? कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला हरिश्चंद्राचे पुढे काय होणार ते ठाऊक असते, तरी तो उठून जात नाही. त्याचे लक्ष काय होणार याकडे नसते, माणूस त्याला कसा सामोरा जातो याकडे असते. पण हे अर्धेच उत्तर झाले, कारण खेळाडू श्रोता नसतो, त्याला हात हलवायचे असतात. उरलेले उत्तर नोंदींच्या स्वरूपात आहे. कंपनीच्या नोंदींत पडलेले अधिकारी नावानिशी आहेत. कित्तूरच्या बाजूचे गोलंदाज, पाणक्ये, पेठेतले बागवान, कोठारापाशी राबणाऱ्या बाया यांची नावे फारशी कुठे नाहीत. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याचे काय झाले हे बदलायला हा नियम आड येत नाही. खेळाडू किल्ला वाचवू शकत नाहीत, पण किल्ल्यातली चाळीस माणसे पहाटेपूर्वी बाहेर काढू शकतात, आणि त्यातल्या कोणाला न्यायचे, कोणाला मागे ठेवायचे, हे ठरवताना जो ताण येतो तो राज्य जिंकण्याच्या कल्पनेत येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की खेळाडू ऐकणार नाहीत. कोणी तरी थॅकरेला आदल्या दिवशीच पळवून नेईल, मग कागदाचे काय? इथे गेम मास्टरने हात धरू नये, किंमत सांगावी. थॅकरे 23 तारखेला पडला अशी नोंद उरायची आहे. मग ती नोंद टिकवायची जबाबदारी आता खेळाडूंवरच येते: त्याच्या जागी कोण पडले, प्रेत कोणी ओळखले, धारवाडला काय कळवले गेले, हे सगळे त्यांनी जुळवून द्यायचे. जुळले तर बदल टिकला. न जुळले तर ज्या कागदाच्या आधारे ते या काळात आले तोच निसटतो आणि परतीचा रस्ता बंद होतो. एवढा एक नियम असला, की आजोबा-नातवाच्या कोड्याचा काथ्याकूट टळतो. विरोधाभास सोडवायचे काम तत्त्वज्ञानाकडून काढून खोटे कागदपत्र रचणाऱ्याच्या चातुर्यावर येते, आणि टेबलाभोवती तेच जास्त रंगते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि सीमाभागात तो टाळून चालणार नाही. राणी चन्नम्मा हे लाखो लोकांच्या श्रद्धेचे स्थान. संसदेच्या आवारात 2007 मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला आणि कित्तूरला ऑक्टोबरात दरवर्षी उत्सव होतो. अशा इतिहासाचा खेळ करावा का? त्यातून बेळगाव म्हणजे 1956 पासूनचा भाषेचा वाद. मराठी खेळाडूंनी कानडी वीरांगनेची कथा हातात घेतली, की कोणीतरी दुखावणार. यावर दोन गोष्टी सांगता येतात. एक, खेळाडूंना राणी, रायण्णा, थॅकरे यांच्या भूमिका देऊच नयेत. ती माणसे गेम मास्टरने दुरून दाखवावीत आणि पहिल्या रकान्याबाहेरचे एक वाक्यही त्यांच्या तोंडी घालू नये. खेळाडूंनी घ्यायच्या भूमिका साध्या माणसांच्या: हरकारा, कारकून, लोहार, सुईण, तोफेवरचा गडी. दोन, 1824 मधल्या बाजू आजच्या बाजूंशी जुळतच नाहीत. पेशव्यांना खंडणी देणारे, 1818 मध्ये पेशव्यांविरुद्ध इंग्रजांना साथ देणारे, 1824 मध्ये इंग्रजांशी लढणारे कित्तूर आजच्या कोणत्याही घोषणेत बसत नाही. पेशवाईशी झालेला व्यवहार मोडी लिपीत, पेठेतले बोलणे कानडीत, अशा जगात फक्त मराठी येणारे पात्र दर दहा पावलांवर अडते आणि कानडी जाणणाऱ्या सोबत्याचा हात धरते. मोडी वाचता येणे हे तर या मोहिमेत तलवारीपेक्षा मोलाचे कौशल्य ठरेल. दुसऱ्याच्या बाजूने तीन तास विचार करायला लावणारा हा प्रकार दुही वाढवण्यापेक्षा ती सैल करण्याची शक्यता जास्त.

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेतल्या बर्नार्ड कॉलेजात मार्क कार्न्स या प्राध्यापकाने 1990 च्या दशकात इतिहास शिकवण्यासाठी ‘रिअॅक्टिंग टू द पास्ट’ नावाची पद्धत सुरू केली. विद्यार्थी एखाद्या ऐतिहासिक पेचातल्या व्यक्तींच्या भूमिका घेतात, त्या काळची कागदपत्रे वाचतात आणि आपली बाजू मांडतात. त्यांतला एक खेळ 1945 च्या सिमला परिषदेवर आहे. विद्यार्थी काँग्रेस, मुस्लिम लीग आणि इतर पक्षांच्या वतीने फाळणीच्या उंबरठ्यावरच्या हिंदुस्थानाचा वाद घालतात. फाळणी ही कित्तूरपेक्षा कितीतरी ताजी जखम. ती वर्गात खेळता येते, कारण तिथे भूमिकेला कागदाचा आधार असतो आणि कोणाची टिंगल करायची नसते. तिथे विद्यार्थ्यांना निकाल बदलण्याची मोकळीक असते. खरे काय झाले याची चर्चा खेळ संपल्यावर होते. आपल्या मोहिमेतही शेवटच्या बैठकीत तिन्ही रकाने खेळाडूंसमोर उघडे करावेत. कोणती गोष्ट नोंदीतली, कोणती लोकांच्या तोंडची, कोणती आपण टेबलावर रचलेली, हे स्पष्ट सांगितले, की पोरे खोटा इतिहास शिकतील ही भीती बरीच कमी होते. उलट सिनेमा आणि भाषण ऐकतानाही ‘हे कोणत्या रकान्यातले?’ असे विचारायची सवय लागते.

राहिला शेवटचा आक्षेप: एवढा अभ्यास कोण करणार? लागतो तो अभ्यास वाटतो त्यापेक्षा बेताचा आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड 1884 मध्ये छापला गेला. कित्तूरची हकीकत, वाटा, पिके, बाजाराचे दिवस, जातीनिहाय व्यवसाय हे त्यात मिळते. तो साहेबांच्या नजरेने लिहिलेला आहे, म्हणून त्याच्या शेजारी कित्तूरकडच्या लोककथा आणि गाणी ठेवावीत. दोन्ही जिथे भांडतात तिथे तिसरा रकाना भरतो. एक पंचांग, एक नकाशा, तीन रकान्यांचा एक ताव आणि वाड्यातल्या सात-आठ माणसांची प्रत्येकी दोन ओळींची नोंद, ज्यात त्याला काय हवे आणि कशाचे भय हे लिहिलेले असेल, एवढ्यावर आठ-दहा बैठकींची मोहीम उभी राहते. फासे फक्त तिथे टाकावेत, जिथे कागद गप्प आहे आणि कारणेही निर्णय देत नाहीत. यंत्राची गरज लागलीच तर काकतीच्या वेशीवर एखादा दरवाजा उघडतो म्हणावे आणि पुढे जावे. खेळाडू त्याबद्दल फार विचारत नाहीत. दारूच्या कोठाराची किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र ते पहिल्याच बैठकीत विचारतील. गेम मास्टरची तयारी असायला हवी ती त्या प्रश्नाची.